सोबत्यांचा जमाखर्च

सोबती कोणता निवडावा, निवडलेल्या सोबत्याशी कसे वागावे आणि वाईट वागलो तर त्याची किंमत कोणी मोजावी, हे प्रश्न आजवर आपण कीर्तनकार, नाटककार आणि कादंबरीकार यांच्यावर सोपवून निश्चिंत होतो. आता ते व्हिडिओ गेम रचणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेले आहेत, आणि साहित्याची चिंता वाहणाऱ्या आपल्या मंडळींच्या ते गावीही नाही. गेम म्हटले की आपल्यापुढे फक्त गोळीबार आणि मुलांचे बिघडलेले डोळे येतात. चर्चा तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. माझी तक्रार निराळी आहे. हे गेम नीतीच्या गोष्टी सांगत नाहीत, ही तक्रार नव्हे. ते रात्रंदिवस नीतीच्याच गोष्टी सांगतात, पण त्या वाण्याच्या वहीत मांडून सांगतात, ही आहे.

ज्या वाचकांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. यात खेळणारा एका काल्पनिक जगातल्या वीराची भूमिका घेतो. वाटेत त्याला सोबती भेटतात. प्रत्येकाला स्वतःचा इतिहास असतो, हट्ट असतात, दुखरी जागा असते. प्रसंग येतो तेव्हा निर्णय मात्र खेळणाऱ्याने करावयाचा : कैद्याला सोडायचे की मारायचे, गाव वाचवायचे की लुटायचे. त्यावर सोबती खूश होतो, रागावतो, क्वचित सोडून जातो. तुमच्या निर्णयांना परिणाम आहेत, अशी या गेमची जाहिरात असते.

हे सारे अमेरिका-युरोपातल्या श्रीमंत दिवाणखान्यांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. उमरोळी हे पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मधले लहानसे स्टेशन. इथला तरुण बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, नाही तर २०१३ साली डहाणूपर्यंत सुरू झालेल्या लोकलने विरारकडे जातो. त्याच्या खिशात मोबाइल असतो. १९९८ चा 'बाल्डर्स गेट', १९९९ चा 'प्लेनस्केप : टॉरमेंट', २००३ चा 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' हे एके काळी संगणकाशिवाय न चालणारे गेम आता त्या मोबाइलवर चालतात. तेव्हा प्रश्न उमरोळीचाही आहे.

या विषयावर दोन पक्ष आढळतात. पहिला वडीलधाऱ्यांचा. त्यांच्या मते गेम म्हणजे वेळेचा नाश, त्यात नीती शोधणे म्हणजे वाळूतून तेल काढणे. दुसरा खेळणाऱ्यांचा. त्यांच्या मते पुस्तक तुम्हांला नुसते सांगते, गेम तुम्हांला करायला लावतो, म्हणून नीतीचे शिक्षण देण्यात गेम हा पुस्तकाच्या पुढे गेला आहे. पहिल्या पक्षाने गेम पाहिलेला नाही आणि दुसऱ्याने त्याकडे नीट पाहिलेले नाही.

दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद आधी तपासू. २००९ साली कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने 'ड्रॅगन एज : ऑरिजिन्स' हा गेम काढला. त्यात प्रत्येक सोबत्याच्या मर्जीचा एक आकडा आहे. त्याला रुचणारे बोललात की आकडा वर, न रुचणारे केलेत की खाली. इथवरही चालेल, माणसाची मर्जी चढते-उतरते हे खरेच आहे. पण याच गेममध्ये सोबत्याला भेटवस्तू देता येतात आणि प्रत्येक वस्तूगणिक आकडा वाढतो. सकाळी त्याच्या डोळ्यांदेखत एखाद्या गरिबाला नाडावे, संध्याकाळी तळावर त्याच्या हातात एक नग ठेवावा, हिशेब चुकता! पुढच्या वर्षी कंपनीने अशा भेटवस्तूंचा आणखी एक संच वेगळे पैसे घेऊन विकायला काढला. मैत्री विकत मिळत नाही, ही म्हण तिने अक्षरशः खोटी पाडली.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या लारियन स्टुडिओजचा 'बाल्डर्स गेट ३' आला. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून त्याचा गौरव झाला, आणि लेखन व अभिनय पाहता तो अस्थानी नव्हता. पण तिथेही तुम्ही काही बोललात की पडद्याच्या कोपऱ्यात पाटी उमटते : अमक्याला पसंत पडले, तमक्याला पडले नाही. आपल्या वागण्याने मित्राच्या मनात काय झाले हे तत्काळ आणि बिनचूक कळण्याची सोय परमेश्वराने कोणालाही दिलेली नाही. मैत्रीतले अर्धे दुःख आणि बहुतेक सगळी जबाबदारी या न कळण्यातूनच येते. मित्र गप्प का झाला हे आपल्याला ओळखावे लागते, त्यासाठी त्याच्याकडे पाहावे लागते. पाटी आली की पाहण्याचे कारण उरत नाही. खेळणारा सोबत्याच्या तोंडाकडे बघत नाही, कोपऱ्याकडे बघतो.

वहीहून मोठा दोष मागे फिरण्याच्या सोयीत आहे. जवळजवळ प्रत्येक गेममध्ये आपली स्थिती सेव्ह करून ठेवता येते. निर्णय घ्यावा, सोबती रागावून निघून गेला की सेव्ह केलेली जागा पुन्हा उघडावी, आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात दुसरे उत्तर द्यावे. १९९० साली जपानमध्ये 'फायर एम्ब्लेम' निघाला तेव्हा त्याचा कठोर नियम असा होता की लढाईत मेलेला सोबती पुन्हा येत नाही. खेळणाऱ्यांनी काय केले? कोणी मेला की यंत्र बंद करून तोच डाव पहिल्यापासून मांडू लागले. अखेर २०१० मध्ये निर्मात्यांनीच मेलेले सोबती पुढच्या प्रकरणात परत येतील अशी वेगळी सवलत दिली. मृत्यूलाही रजा मिळाली, तिथे विश्वासघाताची काय कथा!

'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'मधला एक प्रसंग पाहा. झालबार नावाचा एक महाकाय सोबती, खेळणाऱ्याने त्याला गुलामीतून सोडवले म्हणून आयुष्यभराच्या ऋणाची शपथ घेतो. मिशन ही चौदा वर्षांची पोर त्याची जिवलग. वाईट मार्ग धरलेला खेळणारा शेवटाकडे त्याच शपथेच्या बळावर झालबारला मिशनचा जीव घ्यायला लावू शकतो. अंगदेशाच्या राज्याखाली दबलेल्या कर्णाची आठवण व्हावी असा हा प्रसंग आहे. उपकार करून माणूस बांधून घेणे किती भयंकर असू शकते हे त्यात नेमके दिसते. पण खेळणारा तो कसा पाहतो? पुष्कळदा काय होते ते बघू, म्हणून. बघून झाले की मागे फिरतो, मिशन पुन्हा हसतबोलत समोर उभी! जे पाप बघण्यापुरते करून मग खोडता येते, त्याचे रूपांतर करमणुकीच्या दृश्यात होते.

याला उत्तर म्हणून 'बाल्डर्स गेट ३'च्या निर्मात्यांनी नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस एकच सेव्ह ठेवणारा कडक प्रकार दिला, असे सांगितले जाईल. दिला खरा, पण तो मुख्यतः लढाईच्या काठिण्यासाठी, आणि पार पाडणाऱ्याला बक्षीस म्हणून सोनेरी फासा. म्हणजे परिणाम सोसण्याची तयारीसुद्धा शेवटी बक्षिसाच्या खात्यावर जमा!

गमतीची गोष्ट अशी की या परंपरेच्या आरंभी जी माणसे होती त्यांना ही अडचण अधिक कळली होती. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांनी 'अल्टिमा ४' रचला. त्यात ठार मारायला शेवटचा राक्षस नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचे हेच ध्येय. शब्द आपलाच. सोबती एकेका सद्गुणाचे प्रतिनिधी. आंधळ्या दुकानदाराला कमी पैसे देऊन निघून जाता येते, कोणी अडवत नाही. पण प्रामाणिकपणा आत कुठेतरी घटतो. त्या गेममध्येही वही आहेच, पण ती तुमच्या डोळ्यांपुढे उघडी धरलेली नाही. द्रष्ट्याकडे जाऊन विचारावे लागते. पंचवीस-तीस वर्षांत पडद्यावरचे चित्र सुंदर झाले, आवाज माणसांचे झाले, आणि जी वही झाकलेली होती ती मात्र उघडून मध्यभागी मांडली गेली. याला प्रगती म्हणावयाचे असेल तर म्हणावे.

मग खरा परिणाम कशाला म्हणावे? माझ्या मते त्याच्या तीन खुणा आहेत. तो आधी पुरता ठाऊक नसतो. तो सोबत्याच्या स्वभावातून निघतो, आपल्या गुणांच्या बेरजेतून नव्हे. आणि तो परत घेता येत नाही. या कसोट्यांना उतरणारे प्रसंग गेममध्ये मुळीच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या 'ड्रॅगन एज'वर मी वर टीका केली त्यातच ॲलिस्टर नावाचा सोबती आहे. लोगेन नावाच्या सेनापतीने ऐन रणांगणातून सैन्य मागे घेतले आणि ॲलिस्टरचा गुरू तिथे पडला. पुढे लोगेन हरतो आणि त्याला जिवंत ठेवून आपल्यात सामील करून घेण्याची सूचना येते. राजकारणाच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे. पण तुम्ही ती मानलीत तर ॲलिस्टर तुमची साथ सोडतो. मर्जीचा आकडा शिगेला पोहोचलेला असला तरी सोडतो, प्रेम जुळलेले असले तरी सोडतो. दिलेल्या सगळ्या भेटवस्तू त्या क्षणी कवडीमोल होतात. या एका ठिकाणी सोबती वहीतून उठून माणूस होतो, आणि म्हणूनच तो गेम खेळलेले लोक त्याच प्रसंगावर वर्षानुवर्षे भांडतात.

'मास इफेक्ट'मध्ये २००७ साली असाच एक पेच मांडला गेला : दोन सोबती दोन ठिकाणी अडकले आहेत आणि एकालाच वाचवता येईल. ज्याला मागे ठेवाल तो २०१० आणि २०१२ च्या पुढच्या भागांतही परत येत नाही. मराठी वाचकाला हा पेच समजावून सांगावा लागू नये. १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या शिवाजीराजांनी घोडखिंडीत बाजीप्रभूंना मागे ठेवले. खिंड पावन झाली असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ती पावन झाली याचे कारण गडावर सुखरूप पोहोचलेल्या राजाला खिंडीत परत जाऊन दुसरा निर्णय करून पाहता आला नाही, हे आहे. तशी सोय असती तर खिंडीला नाव मिळाले नसते.

याहूनही खोल गेलेला गेम म्हणजे 'प्लेनस्केप : टॉरमेंट'. त्याचा नायक मरत नाही; पण प्रत्येक मरणागणिक त्याची स्मृती जाते. त्याच्याबरोबर चालणारा डक्कॉन शपथेने बांधलेला आहे, आणि ती बेडी याच नायकाने, आता न आठवणाऱ्या एका जुन्या अवस्थेत, स्वार्थासाठी त्याच्या पायात घातली. एका स्त्रीचे भूत भेटते. तिचे प्रेमही त्याने असेच वापरून टाकले होते. आपण ज्याला प्रारब्ध म्हणतो ते याहून स्पष्ट मी कुठल्या पडद्यावर पाहिलेले नाही. सेव्ह करून मागे फिरा, बेडी तिथेच. कारण ती खेळ सुरू होण्याआधीची आहे. आणि २०१५ साली टोबी फॉक्स यांनी केलेला 'अंडरटेल' तर मागे फिरणाऱ्यालाच पकडतो. आईसारखी वागणारी टोरिएल तुमच्या हातून मारली गेली आणि तुम्ही गुपचूप मागे जाऊन तिला वाचवलेत, तर पुढे एक पात्र तुम्हांला सांगते की तुम्ही काय केलेत ते मला ठाऊक आहे. महाकाय खर्चाच्या कंपन्यांना जे सुचले नाही ते साध्या चित्रांच्या छोट्या गेमने केले.

आता आक्षेप. पहिला असा की खेळ हा खेळच आहे. आयुष्यात मागे फिरता येत नाही म्हणून तर माणूस खेळतो. हा आक्षेप वरवर सुंदर आहे. पण नाटकही खेळच असते. आपण तर 'नाटकाचा खेळ' असेच म्हणतो. १९१९ साली गडकऱ्यांचा 'एकच प्याला' रंगभूमीवर आला. तळीरामाने पुढे केलेला पहिला पेला सुधाकराने नाकारावा अशी इच्छा शंभर वर्षे प्रेक्षक करीत आले. कोणत्याही नाटक मंडळीने त्यांना तो पेला परत ठेवण्याची सवलत दिली नाही. नाटकात प्रेक्षक नुसता पाहणारा असतो, हे खरे. गेममध्ये तो करणारा असतो. मग जबाबदारी वाढली की घटली?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. वही ही काही परक्यांची नाही. चित्रगुप्त आमचाच, पाप-पुण्याचा जमाखर्च आमचाच, एवढे उपवास केले की एवढे फळ हा हिशेबही आमचाच. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मला या गेमची धास्ती अधिक वाटते : ते आपल्या जुन्याच दुखण्याला खतपाणी घालतात. पण व्यासांनी त्या वहीवर महाभारताच्या शेवटी काय शेरा मारला तेही पाहावे. धर्मराजासमोर इंद्राचा रथ उभा आहे आणि अट एकच : कुत्रा सोडून ये. तो नाकारतो. पुढे स्वर्गात दुर्योधन बसलेला दिसतो आणि भावांचे आवाज नरकातून येतात; तेव्हा तो म्हणतो की मी यांच्याजवळच राहीन. दोन्ही वेळा ती परीक्षा होती असे नंतर कळते. नंतर! आधी कळले असते तर धर्मराज हा यूट्यूबवर उत्तरे पाहून परीक्षेला बसलेला विद्यार्थी ठरला असता. आज असे विद्यार्थी असंख्य आहेत. कोणत्या सोबत्याला कोणते उत्तर दिले की तो टिकतो, याच्या याद्या पाठ करून ते सद्गुणी होतात.

पहिल्या पक्षाचे, म्हणजे वडीलधाऱ्यांचे, उत्तर देणे राहिले. त्यांचा सर्वांत मोठा राग पबजीवर. २०२० च्या सप्टेंबरात त्यावर भारतात बंदी आली, २०२१ मध्ये तो भारतासाठी निराळ्या नावाने परतला. त्यात नीतीचा एक शब्द नाही, गोळीबार मात्र भरपूर. तथापि चौघांचा गट करून खेळणारी पोरे नीट पाहावी. एक जण गोळी लागून पडतो. त्याला उठवायचे तर दुसऱ्याने उघड्यावर येऊन सुमारे दहा सेकंद त्याच्याजवळ थांबले पाहिजे, आणि तेवढ्यात तोही मारला जाऊ शकतो. थांबायचे की पळायचे? पडलेला हा चित्रातला नाही. तो शेजारच्या आळीतला आहे, उद्या सकाळी त्याच गाडीत भेटणार आहे. तू मला टाकून पळालास, हे तो बोलेल किंवा बोलणारही नाही. कोपऱ्यात पाटी येणार नाही, सेव्ह उघडता येणार नाही. ज्याला आपण निव्वळ हाणामारी म्हणतो त्यात सोबत्याविषयीचा नैतिक प्रश्न अस्सल आहे, आणि ज्याची ख्याती नीतीच्या गहन प्रश्नांसाठी आहे तिथे तो पुष्कळदा नकली आहे. दोन्ही पक्षांना ही गोष्ट गैरसोयीची वाटेल. त्याला माझा इलाज नाही.

कोणी म्हणेल, एवढे मनाला का लावून घ्यावे? कारण हा तरुण गेम बंद करून जिथे जातो तिथे सोबत्यांचे प्रश्न त्याची वाट पाहत असतात. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत स्फोट, आगी, वायुगळती यांच्या बातम्या अधूनमधून येतात. बरोबर काम करणारा कंत्राटी मजूर भाजतो, आणि चौकशीत प्रश्न येतो : त्याला हातमोजे, मुखवटा दिला होता का? खरे बोलावे तर आपले काम जाण्याची भीती, गप्प बसावे तर इस्पितळात पडलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई मिळणे कठीण. इथे मर्जीचा आकडा कोणी दाखवत नाही. आपण गप्प बसलो तर एका भेटवस्तूने ते भरून निघत नाही. एका गेममुळे कोणी खोटी साक्ष देतो असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे बालिशपणाचे होईल. पण ज्या गोष्टींवर तरुण मन पोसते त्यांनी अशा क्षणासाठी त्याला काही तरी शिदोरी द्यावी, ही अपेक्षा आपण कादंबरीकडून करतो. तीच गेमकडून का करू नये?

माझी मागणी मोठी नाही. निर्मात्यांनी कोपऱ्यातली पाटी काढून टाकावी आणि ते सामर्थ्य नटाच्या चेहऱ्यावर नि लेखकाच्या वाक्यावर खर्च करावे. निदान सोबत्याविषयीचे मोठे निर्णय एकदा झाले की झाले, असे करावे. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा भावाला शोधायला निघालेल्या बहिणीचा गेम करून आपल्याकडच्या माणसांना हे तंत्र जमते हे दाखवले आहे, उद्या कोणी मराठी मंडळी सोबत्यांचा गेम करतील तर त्यांनी दुकानाची वही उचलू नये, महाप्रस्थानाचा रस्ता पाहावा. समीक्षकांनी हे गेम खेळावे आणि त्यांच्यावर, नाटकावर लिहितात तसे, कठोरपणे लिहावे. आणि खेळणाऱ्याने एकदा तरी, सोबती पाठ फिरवून चालू लागला म्हणजे, मागे न फिरता पुढचा रस्ता त्याच्याशिवाय चालून पाहावा. तो रस्ता ओका वाटेल. तसा तो वाटलाच पाहिजे.